स्वराआधीची जागा

सकाळी साडेनऊच्या सुमारास, सरावखोल्यांच्या लांबट बोळातून माझ्या खोलीकडे जाताना, एका बंद दाराआडून मला माझंच वाजवणं ऐकू आलं. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात किल्ली, आणि मी बोळाच्या मधोमध खिळल्यासारखी उभी. दोन्ही बाजूंना सहा-सहा दारं, प्रत्येक दाराआड एक पियानो, आणि प्रत्येक पियानोवर कुणीतरी आपापलं दळण दळत बसलेलं. गेल्या दहा दिवसांत त्या गोंगाटाची कानांना इतकी सवय झाली होती की पंख्याच्या घरघरीसारखा तो ऐकूच येईनासा झाला होता. पण हे ऐकू आलं. आज स्पर्धेत मी वाजवणार होते त्या सोनाटाचा, त्या तीन भागांच्या रचनेचा, संथ भाग. दुसऱ्या पानावर सूर एकेक पायरी चढत वर जातो आणि अगदी वरच्या स्वराला हात घालण्याआधी थांबतो. क्षणभर, पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी. कागदावर तिथं थांबायला सांगितलेलं नाही. तिथं अख्ख्या जगात फक्त मी थांबते, असं मी कितीतरी वर्षं समजत होते. आणि आता दाराआड कुणीतरी थांबलं होतं, माझ्याइतकंच, आणि मग तो स्वर आला तो मात्र माझ्यासारखा नव्हता. तो जास्त मऊ होता. जास्त एकटा होता.

दाराच्या काचेतून पाहायची गरज नव्हती. ती चिमणी होती. हे नाव मीच ठेवलेलं. सात वर्षांची असताना तिची आई तिला माझ्याकडे घेऊन आली, तेव्हा मी सतराची होते आणि शनिवारी दुपारी लहान मुलांना पियानो शिकवायचे. बाकावर बसल्यावर तिचे पाय अधांतरी लोंबकळायचे, म्हणून मी तिच्या पायांखाली जाड शब्दकोश ठेवायचे. सहा वर्षं ती माझ्याकडे होती. मग एका मोठ्या संगीत विद्यालयानं तिला उचललं, आणि मी तिच्या आईला म्हणाले, खुशाल पाठवा, मला देण्यासारखं होतं ते माझं देऊन झालंय. असं बोलताना माणसाला आपण फार उदार आहोत असं वाटतं. स्पर्धेच्या यादीत तिचं नाव पाहिलं तेव्हासुद्धा मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पहिल्या फेरीनंतर आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो. जगभरातून आलेल्या साठांतून तीस उरले, तिसांतून बारा, आणि त्या बारांत आम्ही दोघी. आज त्या बारांतून सहा निवडायचे होते. ती चौथी वाजवणार होती, मी पाचवी. आणि संथ भाग दोघींचा एकच होता. तिनं तो सोनाटा घेतलाय, हे मला या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं.

माझ्या खोलीत जाऊन दार लावलं, बाकाची उंची ठीक केली आणि बसून राहिले. या स्पर्धेची वयाची अट तिशीची. मला तीस पूर्ण व्हायला दोन महिने होते. याआधी तीनदा येऊन गेले होते. एकदा पहिल्याच फेरीत गळले, दोनदा दुसऱ्या फेरीत. परीक्षकांच्या शेऱ्यांत ‘शिस्तबद्ध’ हा शब्द तिन्ही वेळा होता. मुलगी पाहायला आलेल्यांनी ‘स्वभावानं चांगली आहे’ म्हणावं, तसा. फक्त गेल्या खेपेला एक वेगळी गोष्ट घडली. परीक्षकांतली एक म्हातारी बाई, जिच्याशी बोलायला मोठमोठे वादक कचरतात, निकालानंतर जिन्यात मला थांबवून म्हणाली, “त्या वरच्या स्वराआधी तुम्ही थांबलात ना, ती जागा माझ्या लक्षात राहील. बाकीचं काही राहणार नाही.” त्या दोन वाक्यांवर मी पाच वर्षं काढली. लोक एवढ्यावर संसार काढतात, मी तर फक्त पियानो वाजवत होते. आणि आज तीच बाई परीक्षकांच्या रांगेत मधोमध बसणार होती, आणि ती जागा तिला आधी चिमणीकडून ऐकू येणार होती. त्यानंतर, एका मध्यांतरानं, मी जाऊन तेच वाजवणार. मूळ कुणाचं आणि नक्कल कुणाची, हे काही कुणी कपाळावर लिहून येत नाही. जी आधी वाजवते ती मूळ.

आणि खरं सांगायचं तर मूळ माझंही नव्हतं. हे कुणालाच माहीत नाही. आमचे बाबा पियानो जुळवायचे. सकाळी हत्यारांची पेटी घेऊन निघत, शहरातल्या शाळा, सभागृहं, लोकांच्या बैठकीच्या खोल्या करत संध्याकाळी परत येत, तेव्हा त्यांना कुठलाही आवाज सहन होत नसे. घरचा पियानो आजोबांच्या वेळचा, आणि त्याची वरची एक पट्टी सुस्त होती. दाबली की लगेच उठायची नाही. भरभर वाजवलं तर मुकीच राहायची. मी आठ-नऊ वर्षांची असेन. “बाबा, ही दुरुस्त करा ना,” मी म्हणायचे. बाबा डोळे मिटून खुर्चीत पडलेले. “दिवसभर लोकांच्या पट्ट्या उठवून आलोय गं. तिला उठायला वेळ लागतो तर थांब की जरा. तुझी काय गाडी चुकतेय?” मग मी थांबायला शिकले. दहा वर्षं त्या पट्टीसाठी थांबले. पुढे चांगले पियानो मिळाले, त्यांच्या पट्ट्या नुसत्या श्वासानंही खाली जायच्या, तरी हात तिथं थांबतच राहिला. आणि मग एका म्हाताऱ्या बाईनं जिन्यात सांगितल्यावर मला कळलं की ही कला आहे. चिमणीला मी ते कधी शिकवलं नव्हतं. तिनं ते माझ्या हातातून उचललं होतं, लहान मुलं घरातली बोलण्याची लकब उचलतात तसं. आता तिच्याकडे मोठ्या विद्यालयाचं तंत्र होतं, एकोणीस वर्षांचे हात होते, आणि माझ्या घरच्या बिघडलेल्या पट्टीचं दुःखही होतं.

मी संथ भाग वाजवून पाहिला. त्या जागेशी आले आणि मला माझा हात दिसला. वाजवणाऱ्याला आपला हात दिसता कामा नये. दुसऱ्यांदा मुद्दाम न थांबता वाजवलं, तर तो सूर पायरीवरून घसरून पडल्यासारखा झाला. तिसऱ्यांदा जास्त थांबले, तर ते नाटकी झालं. चौथ्यांदा तळव्यांना इतका घाम होता की बोटं पट्ट्यांवरून सरकली. मी हात रुमालाला पुसले, पुन्हा पुसले, मग उगाचच पियानोच्या पट्ट्या पुसल्या, सगळ्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वीस वर्षं. दररोज सहा तास. मैत्रिणींची लग्नं, आईचं आजारपण, एक भला माणूस जो दोन वर्षं वाट पाहून निघून गेला, या सगळ्यांच्या वेळी मी कुठल्या ना कुठल्या पियानोसमोर बसलेली होते. आणि या सगळ्याच्या बदल्यात माझ्यापाशी होतं काय, तर पापणी लवण्याइतकी एक जागा. मी उठले. मी काय करणार आहे, हे मला बोळातून चालताना माहीत नव्हतं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण दारावर टकटक करताना माझा हात अजिबात कापला नाही.

“ताई!” चिमणीनं दार उघडलं. एका हातात अर्धं केळं, केस कसेतरी वर बांधलेले, पायांत नुसते मोजे. “बरं झालं आलात. मला मेलीला सकाळपासून मळमळतंय. ऐकता का जरा? फक्त संथ भाग.” मी खिडकीपाशी उभी राहिले. ती वाजवत होती आणि मी तिच्या मानेकडे पाहत होते. जागा आली. जवळून ऐकताना ती आणखीच सुंदर होती. तिनं शेवटचा स्वर विरू दिला आणि वळून पाहिलं. “कसं वाटलं?”

“छान,” मी म्हणाले. “फक्त ते दुसऱ्या पानावर थांबतेस ना, वरच्या स्वराआधी. ते काढ.”

“काढू?”

“इथल्या परीक्षकांना ते लाडिक वाटतं. गेल्या वेळी माझ्या कागदावर तसं स्पष्ट लिहिलं होतं. मीसुद्धा काढून टाकलंय.”

तिनं केळं बाकावर ठेवलं. “पण ताई, ती तर तुमची जागा आहे. मला वाटलं तुम्हाला आवडेल.”

“म्हणून तर सांगतेय. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं का तुला?”

“नाही, तसं नाही.” ती विचारात पडली. “पण तुम्हीच म्हणायचात ना, वाजवायच्या दिवशी एक बोटसुद्धा बदलायचं नाही म्हणून?”

“हे बोट नाही, चिमणे. हा कान आहे. चार तास आहेत अजून. वीस वेळा सरळ वाजवलंस की बसेल.”

तिनं मान डोलावली. कानामागची पेन्सिल काढून तिनं कागदावर त्या स्वराआधी एक बाण काढला, सरळ पुढे जाणारा. तिनं एकदाही शंकेनं पाहिलं नाही. घोड्यावर बसवलं असतं तर घोड्यावर बसली असती, विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर किती खोल आहे एवढंच विचारलं असतं. मी दार ओढून घेतलं. आतून सरळ वाजवल्याचा आवाज येऊ लागला. एकदा. दोनदा. दर वेळी तो स्वर जरासा अडखळून येत होता, आणि पुढच्या खेपेला जरा कमी अडखळत होता.

दुपारी प्रतीक्षालयात मी एकटीच होते. भिंतीवर एक करडी पेटी, तिच्यातून सभागृहातला आवाज येत होता. तिसरा वादक संपला, टाळ्या झाल्या, मध्यांतराची घंटा झाली. तेव्हा मी उठले. तिला सांगायचं, वेडे, मी चुकले, तुझ्या हातात आहे तसंच वाजव, असं मी मनात शब्दशः जुळवलं होतं. रंगमंचामागच्या दाराशी काळ्या कपड्यातली व्यवस्थापक बाई कानाला यंत्र लावून उभी होती. तिनं हात आडवा धरला. “आता नाही. त्या आत उभ्या आहेत. तुमची वेळ झाली की बोलावते.” दाराच्या फटीतून मला चिमणीची पाठ दिसली. निळा झगा, उघडे खांदे, खांद्यांची वर-खाली होणारी हाडं. मी हाक मारू शकले असते. दहा पावलांवर होती. मी परत आले आणि खुर्चीत बसले. उशीर होईपर्यंत मी उठलेच नव्हते, हे त्या करड्या पेटीलासुद्धा कळलं असेल.

पहिला भाग तिनं असा वाजवला की सभागृहात कुणी खोकलंही नाही. मग संथ भाग सुरू झाला. मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. सूर पायऱ्या चढू लागला. मी पुटपुटत होते, थांब, थांब गं, थांब. ती थांबली नाही. तिनं माझं ऐकलं. पण हाताला बारा वर्षांची सवय होती आणि सरळ जायची फक्त चार तासांची. हात मध्येच कचरला, स्वर आधी पडला, आणि तोही कडक, ताटली आपटावी तसा. त्यामागोमाग जे स्वर यायचे ते आलेच नाहीत. डावा हात दोन मात्रा एकटाच चालत राहिला, अंधारात चाचपडणाऱ्या माणसासारखा, आणि थांबला. मग काहीच नाही. करड्या पेटीतून फक्त एक खरखर. मी मोजत नव्हते पण माझ्या आतलं काहीतरी मोजत होतं : एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्याला तिनं पानाच्या सुरुवातीपासून पुन्हा धरलं. या वेळी त्या जागेशी ती थांबली, पण ते थांबणं वेगळं होतं, दार उघडावं की नाही असं घाबरून उभं राहिल्यासारखं. शेवटचा भाग तिनं सगळाच्या सगळा वाजवला, एकही स्वर न चुकता, आणि त्यात ती कुठंच नव्हती.

विंगेत आम्ही समोरासमोर आलो. मधल्या पंधरा मिनिटांत पियानो जुळवणारा माणूस आत जाऊन आला होता, आणि तेवढा वेळ ती तिथंच पडद्याला धरून उभी होती. चेहरा कागदासारखा. तिनं माझा हात धरला. तिचा हात ओला आणि गार होता. मला वाटलं, आता जाब विचारेल. पण ती म्हणाली, “ताई, पियानो छान आहे. खालचे स्वर तेवढे जड आहेत, सांभाळा.” आणि मग, “जा, मस्त वाजवा.”

मला वाटलं होतं की मी वाजवू शकणार नाही. बोटं आखडतील, मला माझी शिक्षा तिथल्या तिथं मिळेल आणि सगळं फिटेल. मी तर जवळजवळ त्याच आशेनं बसले. पण हात मोकळे झाले. खालचे स्वर खरंच जड होते, आणि मला आधीच ठाऊक असल्यामुळे मी ते सांभाळले. संथ भागात जागा आली आणि मी थांबले, आणि त्या थांबण्यात चिमणीचा ओला हात होता, बाबांचे मिटलेले डोळे होते, माझ्या आत कधीच नव्हतं इतकं भय होतं. वरचा स्वर आला तेव्हा परीक्षकांच्या रांगेत म्हातारी बाई पुढे झुकलेली मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली. मी आयुष्यात इतकं चांगलं वाजवलं नव्हतं. हे लिहितानाही मला नम्रतेनं खोटं बोलता येत नाही. मी त्या दिवशी फार चांगलं वाजवलं.

संध्याकाळी सहा नावं वाचली गेली. माझं चौथं होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांत चिमणी सगळ्यांत पुढे होती, निळ्या झग्यावर कुणाचातरी मोठा कोट घातलेला. मी बाहेर येऊन बाबांना फोन लावला. त्यांना आता कमी ऐकू येतं. “काय म्हणतेस? कुठं पोचलीस?” “अंतिम फेरीत, बाबा.” “असं होय. पियानो कसा होता?” “खालचे स्वर जड होते.” “मग जुळवणाऱ्याचा कान धर.” मग ते म्हणाले, “आई असती तर पेढ्याबिढ्याचं बघितलं असतं. मी नुसताच बसलोय बघ इथं.” त्यांचा आवाज भरून आला होता आणि मला ते ऐकवेना. “आवाज तुटतोय बाबा,” म्हणून मी फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडताच मी तिथं गेले. टेबलामागच्या बाईनं चष्मा डोक्यावर सरकवला. मी म्हणाले, मला माघार घ्यायची आहे. “आजारी आहात?” नाही. “मग?” मी म्हणाले, माझ्याऐवजी चौथ्या क्रमांकानं वाजवलेल्या मुलीला घ्या. तिनं एक कागद पुढे ओढला. “अहो, ते असं हातानं नसतं देता येत. तुम्ही गेलात तर गुणांनी सातवा येतो, तो आत.” “आणि ती?” तिनं बोट कागदावरून खाली, आणखी खाली नेलं. “अकरावी.” “मी गेले तर दहावी होईल ना?” मी काय बोलत होते मलाच कळत नव्हतं. “दहावी काय नि अकरावी काय,” ती समजुतीच्या सुरात म्हणाली, “घरीच जायचं ना दोघींनी. हे बघा, दडपण सगळ्यांनाच येतं. हा माघारीचा अर्ज घेऊन जा. दुपारी बाराच्या आत आणलात तर चालेल. नाही आणलात तर अजून उत्तम.”

अर्ज घडी करून खिशात घातला, दोन तास रस्त्यांवर भटकले आणि साडेअकरानंतर दोन पियानोंच्या खोलीकडे गेले. अंतिम फेरीत वाद्यवृंदाबरोबर वाजवायचं असतं, आणि त्याच्या सरावासाठी दुसऱ्या पियानोवर कुणीतरी वाद्यवृंदाचा भाग वाजवून द्यायचा. मला दिलेला साथीदार अजून आला नव्हता. दुसऱ्या पियानोवर चिमणी बसली होती. पायाशी तिची बॅग, बॅगेवर घडी केलेला निळा झगा. “माझी गाडी तीनची आहे,” ती म्हणाली. “म्हटलं, तोवर तुमचा वाद्यवृंद होते.” डोळे सुजलेले होते, पण हसत होती.

“चिमणे, मी तुला खोटं सांगितलं.”

“काय?”

“ते लाडिक वगैरे. माझ्या कागदावर तसं काहीही नव्हतं. उलट एका परीक्षक बाईंना ती जागा आवडली होती. तू माझ्या आधी ती जागा वाजवू नयेस म्हणून मी सांगितलं. तू पडलीस ती माझ्यामुळे.”

मला हवं होतं की तिनं ओरडावं, कागद फेकावेत, निदान उठून जावं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, मी ते नक्की पाहिलं, आणि मग ते मिटलं. ती उठून आली आणि तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

“काहीतरीच काय, ताई,” ती म्हणाली. “मला बरं वाटावं म्हणून काहीही रचताय. माझे सर पण काल हेच करत होते, म्हणे माझीच चूक, मीच तुला जादा सराव दिला. तुम्ही सगळे ना. मी घाबरले, विसरले, संपलं. तुमच्याबद्दल असलं मी ऐकूनसुद्धा घेणार नाही हं.”

“चिमणे, मी खरं सांगतेय.”

“पुरे.” हे ती जरा जोरात म्हणाली. मग आपल्या पियानोकडे जाऊन बसली, पानं सारखी केली. तिच्या पाठीकडे पाहून मला कळेना की तिला खरंच पटलं नव्हतं, की पटवून घ्यायची तिची तयारी नव्हती. बारा वर्षांपूर्वी ज्या बाईनं तिला पहिला स्वर दाखवला तिला आता तिनं काय म्हणून ठेवावं? मी दिलेलं सगळंच मग तिला फेकून द्यावं लागलं असतं, आणि हातातून काही फेकून देता येत नाही. हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

“सुरुवातीपासून?” तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता वाद्यवृंदाची प्रस्तावना सुरू केली. अडीच मिनिटांची प्रस्तावना, मग मी यायचं. ती फार छान वाजवत होती. व्हायोलिनं, शिंग, खालचे ढोल, सगळं तिच्या दहा बोटांत होतं. माझी वेळ आली. माझे हात मांडीवर होते. ती न थांबता चार ओळी मागे गेली आणि पुन्हा तिथवर आली. माझे हात मांडीवर. खिशातला अर्ज बसल्यामुळे दुमडून टोचत होता. दाराच्या वर घड्याळ होतं, त्यात बाराला सहा मिनिटं कमी होती. कार्यालय एक मजला खाली. “ताई, वाद्यवृंद असा थांबत नसतो हं,” ती मान न वळवता म्हणाली आणि तिसऱ्यांदा चार ओळी मागे गेली. चौथ्यांदा. पाचव्यांदा. न कंटाळता, न चिडता, प्रत्येक वेळी तितक्याच निगुतीनं ती मला माझ्या जागेपर्यंत आणून सोडत होती. मी घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग हात वर आले. ते मी उचलले असं मला आठवत नाही. सहाव्या खेपेला मी आले, अगदी वेळेवर, आणि पुढची तीन पानं आम्ही दोघी एकदाही न चुकता वाजवत गेलो. बारा केव्हा वाजून गेले ते मला दिसलं आणि मी वाजवत राहिले. पान संपल्यावर तिनं हात उचलले, माझ्याकडे वळली आणि हसली.

“बघा,” ती म्हणाली. “जमतंय की तुम्हाला.”